चार वर्षांनी पाय का बधिरले? नागपूरच्या महाल भागातल्या एका काकांची केस

ही केस लिहायची लिहायची म्हणून मागच्या वर्षीपासून राहून जात होती. आता काका-काकू दोघांचीही परवानगी आहे, ओळख पटेल असं सगळं गाळलंय, म्हणून सविस्तर लिहिते. मी डायटिशियन आहे, नागपुरात धंतोलीत बसते. माझ्याकडे लोक येतात ते वजन, शुगर, थायरॉइड असल्या गोष्टींसाठी, काका पण फेब्रुवारी 2024 मध्ये वजन वाढवायलाच आले होते. वय 63, राहायला महाल भागात, सोबत काकू आणि काकूंच्या हातात रिपोर्टांची जाडजूड फाइल.

काकांनी तक्रार वजनाचीच सांगितली. पण केबिनमध्ये येताना मी बघत होते, प्रत्येक पाऊल खाली बघून टाकत होते आणि पाय जरा आपटून ठेवत होते. विचारलं तर म्हणाले, "पायाखाली गादी टाकल्यासारखं वाटून राहिलं मॅडम, जमीन लागतच नाही." मग काकूंनी सांगितलं की दिवाळीच्या आधी बडकस चौकातून घरी येताना यांच्या एका पायातली चप्पल रस्त्यातच सुटली आणि घरी पोचून मी विचारेपर्यंत यांना पत्ता नाही, डांबरावरून एक पाय अनवाणी चालत आले. आणि अजून एक गोष्ट, जी त्यांनी सहज सांगितली पण माझ्या डोक्यात तिथेच घंटी वाजली: सकाळी तोंड धुताना डोळे मिटून पाणी मारलं की काका पुढे बेसिनवर जातात, म्हणून आता एक हात नळाला धरून दुसऱ्या हातानं तोंड धुतात.

डोळे उघडे असले की तोल राहतो आणि मिटले की जातो, म्हणजे पाय कुठे आहेत ही बातमी पायांकडून मेंदूपर्यंत पोचत नाहीये, ती डोळ्यांनी भरून काढावी लागतेय. ही बातमी मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जाते. तो भाग खराब करणाऱ्या कारणांत विटामिन बी12 ची कमी सगळ्यात वर असते, आणि फाइलच्या पहिल्याच पानावर होतं की जानेवारी 2020 मध्ये काकांचं अख्खं जठर काढलेलं आहे. कॅन्सर होता, लवकर सापडला, ऑपरेशन उत्तम झालं, आजार परत आला नाही.

काकांचा प्रश्न मात्र फार बरोबर होता. "ऑपरेशनला चार वर्षं झाली, तेव्हापासून मी तेच खाऊन राहिलो, काही बदललं नाही, मग आताच काऊन?"

ह्या "आताच काऊन" चं उत्तर म्हणजेच ही केस. आपण आजार सुरू झाला की मागच्या आठवड्यात काय खाल्लं, काय बदललं ते शोधतो. कमतरतेच्या आजारात तारीख अशी शोधून सापडत नाही, कारण प्रत्येक विटामिनचा आणि खनिजाचा शरीरातला साठा वेगळा, तो संपायचा वेग वेगळा आणि बाहेर जायची वाटही वेगळी. लक्षण दिसलं तो दिवस म्हणजे कोठी रिकामी झाल्याचा दिवस, कोठी भरणं बंद झाल्याचा नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरून ठेवतात ना, बी12 चं तसं आहे. धडधाकट माणसाच्या अंगात सगळं मिळून 2 ते 5 मिलिग्रॅम बी12 असतं, त्यातला बराचसा यकृतात. रोजची गरज साधारण 2 मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ्याच्या मानाने अगदी चिमूटभर. काका ऑपरेशनच्या आधी दर रविवारी सावजीचं मटण खाणारे, कलेजी आवडीची, म्हणजे कोठी काठोकाठ भरलेली. अंडं, मटण, दूध यातलं बी12 तसंच आत जात नाही, जठराच्या भिंतीतल्या पेशी एक प्रथिन बनवतात, इन्ट्रिन्सिक फॅक्टर म्हणतात त्याला, ते बी12 ला धरून लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत नेतं आणि तिथे त्याला आत घेतलं जातं. जठरच नाही म्हणजे हे प्रथिनही नाही. त्याच्याशिवाय आपोआप झिरपून जेमतेम 1 टक्का आत जातं, बाकी सगळं वाया.

आणि फक्त येणं बंद झालं एवढंच नाही, हा भाग बऱ्याच जणांना माहीत नसतो. यकृत रोज थोडं बी12 पित्तातून आतड्यात सोडतं आणि तेच आतडं त्यातलं बहुतेक परत ओढून घेतं, म्हणून तर शुद्ध शाकाहारी माणसाचा साठाही वर्षानुवर्षं पुरतो. पण परत ओढायलाही तेच प्रथिन लागतं. म्हणजे काकांचं जठर गेलं तेव्हा घरात गहू येणं थांबलं आणि कोठीच्या तळाला भोकही पडलं. ढोबळ हिशोब करा, 3 मिलिग्रॅम म्हणजे 3000 मायक्रोग्रॅम, रोज 3 गेले तर 1000 दिवस, म्हणजे पावणेतीन वर्षं, आणि साठा उतरतो तसं रोजचं जाणंही कमी होतं म्हणून प्रत्यक्षात जरा जास्त. काकांचे तळपाय जळजळायला लागले जुलै 2023 मध्ये, साडेतीन वर्षांनी. मी कागदावर हे गणित मांडून दाखवलं तेव्हा काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते, मग म्हणाले, "म्हणजे मी तीन वर्षं जुन्या मटणावर जगून राहिलो होतो." अगदी तसंच.

इंजेक्शन का सुरू नव्हतं? डिस्चार्जच्या कागदावर खाली एक ओळ होती, बी12 चं इंजेक्शन नियमित घ्यायचं म्हणून. पहिलं इंजेक्शन झालं, पुढच्या तपासणीची तारीख मार्चच्या शेवटी होती आणि त्याच आठवड्यात लॉकडाऊन लागला. त्यानंतर ती ओळ कोणी वाचलीच नाही. मला ह्यात कोणाला दोष द्यावासा वाटत नाही, पण जठर काढलेल्या माणसाला ही गोष्ट इतक्या बारीक अक्षरात सांगायची नसते, ती ठळक, वेगळ्या कागदावर, घरच्यांना तोंडी, आणि का घ्यायचं हे समजावून सांगायला पाहिजे. पहिली तीन वर्षं काहीच त्रास होत नाही, तब्येत बरी असते, तेव्हा कारण माहीत नसेल तर इंजेक्शन कोण घेईल?

आता मधली वर्षं बघा, तिथे अजून एक गुंता झालेला. ऑक्टोबर 2021 मध्ये काकांना थकवा आला, जिना चढताना दम लागायचा, हिमोग्लोबिन 9.2. हे लोहाचं होतं आणि ते आधी येणं बरोबरच आहे. शरीरात 3-4 ग्रॅम लोह असतं पण त्याचा दोन तृतीयांश भाग रक्तात कामावरच असतो, शिल्लक साठा लहान. गंमत म्हणजे लोह बाहेर टाकायची शरीराकडे ठरलेली वाटच नाही, लघवीतून वगैरे ते जात नाही, फक्त आतड्याच्या आणि त्वचेच्या पेशी झडतात त्यांच्यासोबत रोज 1 मिलिग्रॅमच्या आसपास जातं. पण भाज्या-धान्यातलं लोह विरघळायला जठरातलं आम्ल लागतं आणि ते काकांकडे नव्हतं, मटण पचत नाही म्हणून तेही सुटलेलं, आणि ऑपरेशनच्या वेळी रक्तही गेलेलं. 1 मिलिलिटर रक्त म्हणजे अर्धा मिलिग्रॅम लोह, हिशोब तुम्हीच करा.

जवळच्या डॉक्टरांनी लोह आणि फॉलिक अॅसिडची एकत्र गोळी दिली, हिमोग्लोबिन सावकाश 11 पर्यंत आलं, सगळे निर्धास्त. इथेच फसगत झाली. फॉलेटचा (फॉलिक अॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) साठा छोटा, 10 ते 30 मिलिग्रॅम, आहार तुटला तर चारेक महिन्यांत संपतो. बाहेरून फॉलिक अॅसिड भरपूर मिळालं की बी12 कमी असतानाही रक्त बऱ्यापैकी बनत राहतं, पण नसांवरचं आवरण टिकवायचं बी12 चं काम फॉलिक अॅसिडला जमत नाही. म्हणजे रक्ताच्या रिपोर्टवर धोक्याचा दिवा लागतच नाही आणि आत नसा झिजत राहतात. त्यात बी12 च्या कमीने रक्तपेशी मोठ्या होतात आणि लोहाच्या कमीने लहान, दोन्ही एकदम असलं की सरासरी येते नॉर्मल! काकांच्या रिपोर्टात पेशींचा सरासरी आकार 88 होता, एकदम व्यवस्थित. फक्त त्याच्या दोन ओळी खाली आरडीडब्ल्यू 21 होतं, म्हणजे पेशी एकसारख्या नाहीत, काही फार मोठ्या काही फार छोट्या. तो आकडा ठळक अक्षरात छापलेला होता तरी दोन वर्षं फाइलमध्ये तसाच पडून. मला अशा वेळी वाटतं की सरासरीवर समाधान मानण्याइतकी वाईट सवय नाही.

तर फेब्रुवारीत आमच्याच बिल्डिंगमधल्या फिजिशियन डॉक्टरांकडे काकांना पाठवलं, त्यांनी घोट्यावर ट्यूनिंग फोर्क (ठोकला की थरथरणारा धातूचा काटा) लावला तर काकांना थरथर कळलीच नाही, गुडघ्यावर थोडी कळली. बी12 आलं 92, ते 200 च्या वर तरी पाहिजे असतं. त्याच दिवशी पहिलं 1000 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, मग दोन आठवडे दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. (लोक विचारतात एवढं मोठं इंजेक्शन कशाला, तर त्यातला बराच भाग पहिल्या एक-दोन दिवसांत लघवीतून निघून जातो, उरलेलं यकृतात जमा होतं, म्हणून सुरुवातीला वारंवार द्यावं लागतं.)

फरक पडला. जीभ लाल आणि गुळगुळीत झालेली होती, ती तीन आठवड्यांत बरी झाली, तिखट लागेना म्हणणारे काका झुणका-भाकर मागायला लागले, तळपायाची जळजळ निम्म्याने कमी. मी खूश होते. पण मेच्या दुसऱ्या आठवड्यात काका आले, बाहेर पारा 43-44, घामाघूम झालेले, आणि चाल मात्र तशीच. पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तर तीन सेकंदांत काकूंनी धरलं. तीन महिने झाले, बी12 आता 800 च्या वर, तरी पांढऱ्या पेशी 2600 आणि हिमोग्लोबिन 10.4 वर अडकून.

जुनं नसांचं नुकसान सावकाश भरतं हे मान्य, पण पांढऱ्या पेशी का वाढत नाहीत? बी12 मिळाल्यावर त्या लवकर सावरायला पाहिजेत. म्हणजे अजून कुठलीतरी कोठी रिकामी होती. न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं, त्यांनी एकच काम सांगितलं: दिवसभरात तोंडात जातं ते सगळं एका पिशवीत घालून आणा, औषध असो नसो.

काकूंनी मिठाईचा प्लास्टिकचा डबा आणला, आधी माझ्याकडे. काकू फार व्यवस्थित बाई, दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या कात्रीने कापून डब्यात लावून ठेवतात म्हणजे काकांचा गोंधळ नको. बीपीची, लोहाची, आणि एक छोटी पांढरी गोळी, कापलेल्या चौकोनी तुकड्यात, पाठीमागचं नाव कात्रीत अर्धं गेलेलं. ही कशाची? "ती झिंकची. ते औषध नाही ना मॅडम, ते विटामिन आहे." सप्टेंबर 2020 मध्ये नागपुरात कोरोना फार वाढलेला तेव्हा घरात सगळ्यांनी सुरू केलेली, बाकीच्यांनी दोन महिन्यांत सोडली, पण काका कॅन्सरमधून उठलेले म्हणून काकूंनी त्यांची कधी बंद होऊ दिली नाही. गोळ्यांचा अख्खा पत्ता मागवला. 50 मिलिग्रॅम झिंक, रोज एक, पावणेचार वर्षं, एकही दिवस न चुकता. मी फेब्रुवारीत विचारलं होतं "औषधं कोणती चालू आहेत", आणि त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. तेव्हापासून मी प्रश्न बदलला आहे, "गोळी, पावडर, काढा, जे काही घेता ते" असं विचारते.

झिंकचं वैशिष्ट्य असं की अंगात ते 2 ग्रॅमच्या आसपास असतं, बहुतेक स्नायू आणि हाडांत, पण गरजेला काढता येईल अशी त्याची वेगळी कोठी नाही, ते रोजच्या रोज लागतं. म्हणून लोकांना वाटतं की रोज घेतलं तर चांगलंच. पण मोठ्या माणसाला रोज 40 मिलिग्रॅमच्या वर, तेही दीर्घकाळ, नको असं सांगतात, आणि त्याचं कारण तांबं आहे. झिंक जास्त गेलं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन बनवायला लागतात, झिंक सांभाळायला. पण हे प्रथिन तांब्याला झिंकपेक्षाही घट्ट धरतं. जेवणातलं तांबं पेशीत शिरतं आणि तिथेच अडकतं, रक्तात उतरतच नाही, आणि आतड्याच्या पेशी चार-पाच दिवसांत झडतात त्या अडकलेलं तांबं घेऊनच शौचातून बाहेर. तांब्याची बाहेर जायची नेहमीची वाट पित्त आहे, ती चालूच असते. मुळात सगळ्या अंगात तांबं 100 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि ते घेण्याची जागा जठर आणि लहान आतड्याची सुरुवात, त्यातलं जठर काकांचं गेलेलं. विल्सन नावाच्या आजारात यकृतात तांबं साठत जातं, त्यांना डॉक्टर मुद्दाम झिंक देतात तांबं अडवायला. काकांच्या बाबतीत तोच उपचार, आजार नसताना, चालू होता.

तपासणी आली: रक्तातलं तांबं 18, खालची मर्यादा 70 च्या आसपास असते. सेरुलोप्लाझ्मिनही तळाला, रक्तातलं बहुतेक तांबं ह्याच प्रथिनावर बसून फिरतं. झिंक वरच्या मर्यादेच्या पुढे. आणि मग सगळे सुटे धागे जुळले. तांब्याच्या कमीने मज्जारज्जूचा तोच मागचा भाग खराब होतो जो बी12 ने होतो, तपासून फरक कळणं कठीण. पांढऱ्या पेशी उतरतात. आणि साठ्यातलं लोह रक्ताच्या कामाला यायला तांब्याचं सेरुलोप्लाझ्मिन लागतं, म्हणून दोन-अडीच वर्षं लोहाची गोळी घेऊनही हिमोग्लोबिन 11 च्या पुढे कधी गेलं नव्हतं.

त्या दिवशी काकू माझ्यासमोर रडल्या. "माझ्याच हाताने दिलं" म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं तेच इथे लिहिते, ज्या बाईने चार वर्षं एक गोळी चुकू दिली नाही तिला नीट सांगितलं असतं तर एक इंजेक्शनही चुकलं नसतं.

झिंक त्याच दिवशी बंद केलं, तांब्याची गोळी न्यूरॉलॉजिस्टनी ठरवलेल्या मात्रेत सुरू केली. माझ्याकडे आहाराचं काम आलं: तीळ, शेंगदाणे, चणे, काजू, मसूर, सहा छोटी जेवणं, जवसाची चटणी रोज. तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायलं तर चालेल का असं काकांनी विचारलं, मी म्हटलं आनंदाने प्या, पण गोळीच्या जागी नाही, त्यातून किती उतरतं ह्याचा भरवसा धरता येत नाही.

जाता जाता संत्र्यांचं पण सांगते, कारण काकांनी आणि तुमच्यापैकीही कितीतरी जणांनी ते धरून ठेवलेलं असतं. हंगामात रोज सहा-सहा संत्री खाऊन "उन्हाळ्याची सोय झाली" म्हणता येत नाही. विटामिन सी अंगात फार तर दीड ग्रॅमच्या आसपास मावतं, वरचं मूत्रपिंड लघवीतून सोडून देतं, आणि येणं पूर्ण बंद झालं तर एक ते तीन महिन्यांत हिरड्या सुजायला लागतात. थायमिनचं, म्हणजे बी1 चं, तर त्याहून कमी, 25-30 मिलिग्रॅम, दोन-तीन आठवड्यांचा खेळ, म्हणून पोटाच्या ऑपरेशननंतर सतत उलट्या होणाऱ्याला थायमिन आधी द्यावं लागतं. उलट लहान मुलांना सरकारी लसीकरणात विटामिन ए चा डोस सहा-सहा महिन्यांनी देतात, ते जमतं कारण यकृत ते खरंच महिनोन्‌महिने सांभाळून ठेवतं. ज्याची कोठी आहे त्यालाच एकदम भरता येतं.

जुलैच्या शेवटी, म्हणजे झिंक बंद केल्यावर दहा आठवड्यांनी, पांढऱ्या पेशी 5400 झाल्या, हिमोग्लोबिन 12.3. तांबं 74 वर आलं. चाल मात्र इतक्या लवकर नाही, डिसेंबरपर्यंत काठी लागत होती. आता घोट्यावर ट्यूनिंग फोर्क थोडा कळतो, बोटांना अजून नाही, आणि न्यूरॉलॉजिस्टनी स्पष्ट सांगितलंय की एवढं राहील, हे काका-काकूंना कळलं आहे आणि त्यांनी ते स्वीकारलं आहे. वजन साडेचार किलो वाढलं. अंधारात जिना उतरायचा नाही हा नियम कायम आहे, बेसिनजवळ भिंतीला स्टीलचा दांडा लावून घेतलाय. मागच्या भेटीत काका म्हणाले की आता तोंड धुताना दांडा धरतो पण दोन्ही हातांनी पाणी घेऊन पण बघतो कधीकधी, काकू मागे उभ्या असतात तेव्हा.

बी12 चं इंजेक्शन दर महिन्याच्या 5 तारखेला, जन्मभर. काकूंनी ते कालनिर्णयवर बारा महिने पुढे लाल पेनाने लिहून ठेवलंय, आणि गोळ्यांच्या डब्यात आता पत्ते कापलेले नसतात, अख्खे असतात, नावाची बाजू वर करून.